सही तुमची, आकडा दुसऱ्याचा

गेल्या कोजागिरीला मसाला दुधाच्या रांगेत उभा असताना आपल्या मंडळातल्या एका गृहस्थांनी मला बाजूला घेतलं. मागे याच सदरात माझ्या नावापुढे ‘निवृत्त हिशेबनीस’ असं छापून आल्यापासून लोक मला कुठेही गाठून प्रश्न विचारतात. बहुतेक प्रश्न पेन्शनचे असतात. यांचा वेगळा होता. ‘सांगलीला धाकट्या भावाकडे सह्या करून पाच कोरे चेक ठेवलेत. वडिलांचा दवाखाना, घरपट्टी, लाइटबिल सगळं तोच बघतो. त्यात काही धोका नाही ना?’ आणि मी काही बोलायच्या आत, ‘भाऊ अगदी सज्जन आहे हो.’

हातातला पेला मी टेबलावर ठेवला आणि त्यांना माझीच गोष्ट सांगितली. रांग पुढे सरकली, दूध संपलं, ते वेगळं. तीच गोष्ट आज सगळ्यांसाठी लिहितो आहे. सुरुवातीलाच सांगतो, मी वकील नाही. कोर्टाची पायरी चढावी लागली म्हणून जेवढं वाचावं लागलं तेवढं वाचलं. कोणाचं प्रकरण खरोखरच अंगाशी आलं असेल तर त्यांनी चांगला वकील गाठावा.

माझा मावसभाऊही सज्जनच. आजही मी त्याला दुर्जन म्हणणार नाही. डिसेंबर २०१४ मध्ये आईच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं. पुण्याच्या फ्लॅटमध्ये ती एकटी. माझी रजा संपली आणि लंडनला परत निघताना एनआरओ खात्याचे सहा चेक सह्या करून मी मावसभावाच्या हातात दिले. नाव, रक्कम, तारीख, सगळं कोरं. कामाच्या बाईचा पगार, फिजिओथेरपी, सोसायटीचा मेंटेनन्स असे खर्च होते. त्यातले दोन चेक वापरले गेले, तेही मला फोन करून. जानेवारी २०१६ मध्ये आई गेली. दिवसकार्य उरकून, फ्लॅटला कुलूप लावून मी ९ फेब्रुवारीला इकडे परतलो. उरलेले चार चेक कुठे आहेत, हे विचारायचं त्या दिवसांत सुचलंच नाही.

मार्च २०१७ मध्ये सोसायटीच्या सेक्रेटरींनी व्हॉट्सअ‍ॅपवर एका कागदाचा फोटो पाठवला. न्यायालयाचं समन्स होतं, आरोपी म्हणून माझं नाव. फिर्यादी कोणी नळ-फिटिंगच्या सामानाचे व्यापारी. त्यांचं नाव मी आयुष्यात ऐकलं नव्हतं. त्यांचं म्हणणं असं, की १२ मार्च २०१६ रोजी पुण्यात त्यांनी मला सहा लाख रुपये हातउसने रोख दिले, फेडीसाठी मी ५ सप्टेंबरचा चेक दिला आणि तो खात्यात शिल्लक नाही म्हणून परत आला. खात्यात तेव्हा जेमतेम ब्याऐंशी हजार होते. चेकवरची सही माझी होती. बाकी अक्षर माझं नव्हतं.

माझी पहिली प्रतिक्रिया तुमची झाली असती तीच. हा माणूस मला ओळखत नाही, मी याला ओळखत नाही, अक्षर माझं नाही, मी त्या तारखेला देशात नव्हतो. न्यायाधीश दोन मिनिटांत कागद फेकून देतील. पुण्याच्या वकीलबाईंनी फोनवर एकच प्रश्न विचारला, ‘सही तुमची आहे ना?’ मी हो म्हणालो. ‘मग आत्ता या घडीला कायदा त्यांच्यावर विश्वास ठेवतो, तुमच्यावर नाही. तो विश्वास उडवायचं काम तुमचं.’

हे ऐकून मला राग आला होता. खून-दरोड्यातल्या आरोपीलासुद्धा निर्दोष धरतात, आणि मला नाही? पण पुढे दोन वर्षं या विषयाच्या मागे लागल्यावर त्यामागचं कारण पटलं. ते समजून घ्यायला थोडं मागे जावं लागतं, आणि गंमत म्हणजे ते मागे जाणं आपल्याला इथे लंडनलाच आणून सोडतं.

११ डिसेंबर १७५६ च्या रात्री इंग्लंडात टपालाच्या गाडीवर दरोडा पडला. लुटीत बँक ऑफ इंग्लंडची एक नोट होती, एकवीस पौंड दहा शिलिंगांची. ती विल्यम फिनी नावाच्या गृहस्थांनी टपालाने पाठवली होती. दुसऱ्या दिवशी ती मिलर नावाच्या एका खाणावळवाल्याकडे आली. गिऱ्हाइकाने दिली, त्याने व्यवहारात घेतली, पूर्ण मोबदला दिला. चोरीची आहे हे त्याला कुठून कळणार? मिलर ती वटवायला बँकेत गेला तेव्हा रेस नावाच्या कारकुनाने ती धरून ठेवली. ना पैसे दिले, ना नोट परत केली. १७५८ मध्ये लॉर्ड मॅन्सफील्ड यांनी निकाल मिलरच्या बाजूने दिला. चोरीचं घोडं विकत घेतलं तर मूळ मालक ते परत मागू शकतो. पण नोट ही पैशासारखी फिरते. ती घेणाऱ्या प्रत्येकाने मागच्या दहा हातांची चौकशी करायची ठरवली तर व्यापार ठप्प होईल. म्हणून ज्याने प्रामाणिकपणे, मोबदला देऊन, व्यवहाराच्या ओघात ती घेतली, त्याचा हक्क पक्का.

चेक, हुंडी, वचनचिठ्ठी हे सगळे याच घराण्यातले कागद. कॉमर्सच्या मराठी पुस्तकांत त्यांना ‘चलनक्षम दस्तऐवज’ म्हणतात. एका हातातून दुसऱ्या हातात जाता जाता ज्यांचा हक्क घासत नाही, उलट कधी कधी अधिक पक्का होतो, असे कागद. प्रामाणिकपणे आणि मोल देऊन ज्याने असा कागद घेतला त्याला मी इथे ‘सद्भावी धारक’ म्हणतो. त्याचं स्थान कायद्यात फार वरचं आहे. ज्याने कागद दिला त्याच्या हक्कात खोट असली तरी सद्भावी धारकाच्या हक्कात येत नाही.

आपल्याकडे हा प्रश्न आधीपासून होताच, फक्त उत्तर वेगळ्या वाटेने काढलं होतं. जुन्या पेढ्यांवर ‘शहाजोग’ हुंडी चालायची. ती कोणाही आणणाऱ्याला वटवून मिळत नसे. शहा म्हणजे बाजारात पत असलेला सावकार, त्याच्याच हाती पैसे द्यायचे. हुंडी चोरीची निघाली तर त्या शहाला रक्कम परत करावी लागे. कागदापेक्षा माणसाची पत बघायची, अशी ती व्यवस्था. बाजारपेठ एका गल्लीत मावत होती तोवर हे चाललं. १८८१ च्या भारतीय कायद्याने देशी भाषांतल्या हुंड्यांच्या स्थानिक रूढींना हात लावला नाही, हे त्याच्या पहिल्याच कलमात आहे.

हा १८८१ चा कायदा १ मार्च १८८२ पासून अमलात आला. इंग्लंडचा बिल्स ऑफ एक्स्चेंज कायदा त्याच वर्षी ऑगस्टमध्ये झाला, म्हणजे या बाबतीत लेखी कायदा करण्यात हिंदुस्थान साहेबाच्या काही महिने पुढे होता! इंग्रजी कायद्याचा मसुदा करणारे मॅकेन्झी चामर्स उमेदीच्या काळात हिंदुस्थानात नोकरी करून आले होते. दोन्ही कायदे एकाच वळणाचे आहेत, आणि दोन्हींच्या पोटात ती मला नडलेली गोष्ट आहे: गृहीत.

भारतीय कायद्याचं कलम ११८ सांगतं, की उलट सिद्ध होईपर्यंत न्यायालयाने काही गोष्टी धरून चालायच्या. चेक मोबदल्यासाठीच दिला होता. त्यावरची तारीख खरी आहे. ज्याच्या हातात कागद आहे तो सद्भावी धारकच आहे. इंग्रजी कायद्याच्या कलम ३० मध्येही हेच आहे: ज्याची सही आहे त्याने ती मोबदल्यासाठी केली असं मानायचं, आणि धारक हा सद्भावी मानायचा. दोन्हीकडे एक खिडकीही ठेवलेली आहे. कागद फसवणुकीने, गुन्ह्याने किंवा बेकायदा कारणासाठी मिळवला गेला असं पुढे आलं, की पारडं फिरतं आणि आपण सद्भावी आहोत हे सिद्ध करण्याची जबाबदारी त्या धारकावर येते. इंग्रजी कायद्यात धाकदपटशाचाही उल्लेख आहे. पण ती खिडकी उघडायची कोणी? ज्याची सही आहे त्याने, म्हणजे तुम्ही-आम्ही. नुसतं ‘मी नाही दिला’ म्हणून ती उघडत नाही.

आता ‘सद्भाव’ म्हणजे नेमकं काय, यावर इंग्लंडच्या न्यायाधीशांनी शंभर वर्षं डोकं खाजवलं आहे. १८२४ मध्ये त्यांनी ठरवलं, की शहाण्या माणसाला संशय आला असता अशा परिस्थितीत कागद घेतला तर हक्क गेला. १८३६ मध्ये त्यांनीच ते फिरवलं. निष्काळजीपणा वेगळा, अप्रामाणिकपणा वेगळा. याचं टोकाचं उदाहरण १८५५ चं. पॅरिसच्या एका सराफाने पाचशे पौंडांची चोरीची नोट बदलून दिली. चोरीला गेलेल्या नोटांच्या नंबरांची यादी त्याच्याकडे आदल्या वर्षीच आली होती, पण ती बघायची तो विसरला. न्यायालयाने त्याला सद्भावी मानलं. विसराळू होता, लबाड नव्हता. उलट १८७७ च्या एका प्रकरणात दर्शनी १,७२७ पौंडांची बिलं एकाने २०० पौंडांत घेतली आणि ‘मला काय माहीत’ म्हणाला. तिथे लॉर्ड ब्लॅकबर्न यांनी रेषा आखून दिली: भोळेपणाने फसणं वेगळं, आणि काहीतरी काळंबेरं आहे असा संशय असूनही उत्तर नको म्हणून प्रश्नच न विचारणं वेगळं. दुसरी गोष्ट म्हणजे अप्रामाणिकपणाच. आमच्या आजीच्या भाषेत, मांजर डोळे मिटून दूध पितं ते.

इंग्रजी कायद्याने हेच कलम ९० मध्ये घातलं: प्रामाणिकपणे केलं असेल तर ते सद्भावाने केलं, मग हलगर्जीपणा झाला असला तरी. भारताचा कायदा इथे थोडा कडक आहे. त्याच्या कलम ९ मध्ये धारकाकडे ‘देणाऱ्याच्या हक्कात खोट आहे असं मानायला पुरेसं कारण’ असता कामा नये, असं आहे. म्हणजे डोळे उघडे ठेवण्याची थोडी जबाबदारी घेणाऱ्यावरही आहे. दुसरा फरक असा, की इंग्लंडमध्ये ज्याच्या नावाने चेक लिहिला तो पहिला माणूस या विशेष दर्जाचा धारक होऊ शकत नाही असं लॉर्ड्स सभागृहाने १९२६ मध्ये ठरवलं. भारतीय कायद्यात तोही होऊ शकतो.

अमेरिकेतल्या आपल्या नातेवाइकांसाठी एवढंच: तिथल्या व्यापारी संहितेत १९९० च्या दुरुस्तीपासून नुसता मनाचा प्रामाणिकपणा पुरत नाही, व्यवहारातल्या न्याय्य रीतीही पाळलेल्या असाव्या लागतात. दुबईकरांना हा विषय मी शिकवायची गरज नाही. तिथे शिल्लक नसलेल्या चेकसाठी तुरुंगाची भीती २ जानेवारी २०२२ पासून बरीच कमी झाली, पण वसुलीची वाट अधिक जवळची झाली.

आता भारतातल्या त्या खास कलमाकडे येतो. कलम १३८ हे १ एप्रिल १९८९ पासून लागू झालं, म्हणजे आपल्यापैकी बरेच जण देश सोडून आल्यानंतर. म्हणून आपल्या पिढीच्या मनात ‘चेक परत गेला तर बँक दंड लावते’ एवढंच असतं. इथे ब्रिटनमध्ये निव्वळ चेक परत जाणं हा गुन्हा नाही. फसवणूक असेल तर गोष्ट वेगळी. भारतात तो गुन्हा आहे. सुरुवातीला शिक्षा एक वर्षापर्यंत होती. २००३ पासून ती दोन वर्षांपर्यंत, किंवा चेकच्या दुप्पट रकमेपर्यंत दंड, किंवा दोन्ही. जोडीला कलम १३९ आहे: चेक देण्यासाठीच दिला होता, म्हणजे काही देणं होतं, हे न्यायालयाने मानून चालायचं. रंगप्पा प्रकरणात २०१० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केलं, की या गृहीतात कायदेशीर देणं अस्तित्वात होतं हेही आलं.

आणि कोरा चेक? बीरसिंग प्रकरणात २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालय म्हणालं, की सही करून स्वखुशीने कोरा चेक दिला आणि आकडा दुसऱ्याने भरला तरी गृहीत लागू राहतं. माझा खटला चालू होता तेव्हा हा निकाल यायचा होता, पण वकीलबाई पहिल्या दिवसापासून तेच सांगत होत्या. ‘अक्षर माझं नाही’ हा माझा हुकमी एक्का पत्त्यांच्या कॅटमधलाच नव्हता.

मग सुटायचं कसं? दिलासा एवढाच, की आरोपीवरचं ओझं फिर्यादीइतकं जड नसतं. त्याला शंभर टक्के सिद्ध करावं लागत नाही. आपली बाजू अधिक संभवनीय आहे, एवढं दाखवलं की पुरे. त्यासाठी स्वतः साक्षीच्या पिंजऱ्यात उभं राहिलंच पाहिजे असंही नाही. फिर्यादीच्याच कागदांतून आणि उलटतपासणीतून ते निघू शकतं. फिर्यादीकडे एवढी रक्कम द्यायची ऐपत होती का, ती त्याच्या वहीत किंवा प्राप्तिकराच्या विवरणात दिसते का, हे विचारता येतं. बसलिंगप्पा प्रकरणात २०१९ मध्ये आरोपी नेमका याच मुद्द्यावर सुटला.

माझ्याकडे पासपोर्ट होता. जानेवारी २०१६ चा येण्याचा शिक्का, ९ फेब्रुवारीचा जाण्याचा, आणि त्यानंतरचा शिक्का थेट एप्रिल २०१७ चा, समन्ससाठी गेलो तो. १२ मार्च २०१६ ला मी पुण्यात सहा लाख रुपये मोजून घेतले असतील तर ते स्वप्नात. शिवाय त्या आठवड्याच्या माझ्या ऑफिसच्या हजेरीचं पत्र. जुलै २०१८ मध्ये उलटतपासणी झाली. पासपोर्ट समोर ठेवल्यावर व्यापारी आधी म्हणाले तारीख चुकली असेल. मग रक्कम वहीत का नाही, यावर गप्प. शेवटी त्यांच्या तोंडून माझ्या मावसभावाचं नाव निघालं.

खरी हकिगत अशी होती. मावसभावाने नोकरी सोडून छोटी-मोठी बांधकामाची कंत्राटं घ्यायला सुरुवात केली होती. या व्यापाऱ्याकडून माल उधार घेतला, थकबाकी झाली. व्यापाऱ्याने तारण मागितलं, तेव्हा त्याने माझा सही केलेला चेक दिला. ‘फक्त ठेवायला, टाकायचा नाही’ या बोलीवर. चार महिन्यांनी व्यापाऱ्याने तो टाकला.

कोर्टाबाहेरच्या चहाच्या टपरीवर वकीलबाई मला म्हणाल्या, ‘त्यांनी खोटं बोलायला नको होतं. खरं सांगितलं असतं, की तुमच्या भावाने हा चेक आणून दिला आणि त्यावर विश्वासाने मी माल दिला, तर आपली बाजू आजच्याहून लंगडी झाली असती.’ हे वाक्य माझ्या डोक्यातून अजून जात नाही. कारण मी विचार करतो, त्या व्यापाऱ्याचं चुकलं काय? त्याने माल दिला होता. त्याच्या हातात खऱ्या सहीचा, खऱ्या खात्याचा चेक होता. अपूर्ण कागद सही करून हवाली केला, की तो भरण्याचा अधिकारही दिला असं कायदा सकृद्दर्शनी मानतो. त्याने निदान एक फोन करून मला विचारायला हवं होतं, हे खरं. कलम ९ च्या दृष्टीने तिथे त्याची बाजू कच्ची होती. परक्या माणसाचा चेक तारण म्हणून घेताना ‘हे कोण?’ हा प्रश्न मनात येतोच. पण ज्याच्यावर विश्वास ठेवून मी सहा चेक दिले, त्याच्यावरच विश्वास ठेवून त्याने माल दिला. आम्ही दोघेही एकाच माणसाला भुललो होतो. फरक एवढाच, की सही माझी होती.

डिसेंबर २०१८ मध्ये तडजोड झाली. मावसभावाने गावाकडची थोडी जमीन विकून व्यापाऱ्याचे पैसे दिले, आणि कायद्यात सोय असल्याने न्यायालयाच्या परवानगीने खटला मिटला. माझे तीन वेळचे विमानखर्च आणि वकिलाची फी गेली. मावशी अजून फोन करते, पण तब्येतीपुरतंच बोलते. जमीन तिच्या माहेरची होती.

आता ज्यांच्या कपाटांत आणि भावांकडे असे चेक आहेत त्यांच्यासाठी चार व्यवहाराच्या गोष्टी.

तारीख घातलेला चेक १ एप्रिल २०१२ पासून तीनच महिने चालतो, आधी सहा महिने चालायचा. पण कोऱ्या चेकला तारीखच नसते. तो कितीही वर्षं ड्रॉवरमध्ये पडून राहिला तरी ज्या दिवशी कोणी तारीख टाकेल त्या दिवसापासून ताजा. ‘जुना आहे, मेला असेल’ या भ्रमात राहू नका.

‘बँकेला पेमेंट थांबवायला सांगितलं की झालं’, असं मला निदान पाच जणांनी सांगितलं. नाही झालं. १९९८ च्या मोदी सिमेंट्सच्या निकालापासून, पेमेंट थांबवल्यामुळे परत गेलेला चेकही कलम १३८ खाली येऊ शकतो. ‘खातंच बंद करून टाकतो’ हाही उपाय नाही. १९९९ मध्ये त्यावरही तोच निकाल झाला. मात्र चेक हरवला, किंवा ज्याच्याकडे दिला त्याने परत दिला नाही, हे कारण लेखी देऊन वेळेवर पेमेंट थांबवलं आणि खात्यात पुरेशी शिल्लक असली, तर पुढे न्यायालयात तेच पत्र आपल्या बाजूने बोलतं. म्हणून पत्र आजच द्या, भांडण उभं राहिल्यावर नव्हे. चेकचे नंबर त्यात असले पाहिजेत, पोच घ्यायला विसरू नका.

तिसरं, पत्त्याचं. मला समन्स मिळण्याआधी रीतसर नोटीसही निघाली होती. बँकेकडून चेक परत आल्याचं कळल्यापासून तीस दिवसांत ती पाठवावी लागते. माझी रजिस्टर टपालाने बंद फ्लॅटवर गेली आणि ‘दार बंद’ असा शेरा मारून परत आली. बरोबर पत्त्यावर रजिस्टरने पाठवली म्हणजे पोचली, हे आणखी एक गृहीत. नोटीस मिळाल्यावर पैसे द्यायला पंधरा दिवस असतात. ती खरोखरच मिळाली नसेल तर समन्स मिळाल्यापासून पंधरा दिवसांत पैसे भरून सुटता येतं, असं सर्वोच्च न्यायालयाने २००७ मध्ये म्हटलं आहे. देणं खरोखर तुमचंच असेल तर ही संधी सोडू नका. बँकेत आईवडिलांचा जुना पत्ता लावून ठेवला असेल तर बदला, आणि सोसायटीच्या सेक्रेटरींशी संबंध गोड ठेवा. आमच्यांना मी दर दिवाळीला इथून चहाचे डबे पाठवतो. समन्स आलं तर ‘मी तर परदेशात’ म्हणून बसू नका. हा गुन्हा जामीनपात्र आहे, वकिलामार्फत हजेरीतून सूटही मागता येते. पण गैरहजर राहिलं तर वॉरंट निघतं, आणि ते विमानतळावर आठवतं. २०१८ च्या दुरुस्तीनंतर खटला चालू असतानाच चेकच्या रकमेच्या वीस टक्क्यांपर्यंत अंतरिम भरपाई द्यायला न्यायालय सांगू शकतं, तेही लक्षात असू द्या.

चौथं, मग घरच्यांनी खर्च करायचा कसा? एनआरओ खात्यावर भारतातल्या नातेवाइकाला मर्यादित मुखत्यारपत्र देऊन स्थानिक खर्चासाठी अधिकार देता येतो. सही त्याची, जबाबदारीचा माग स्वच्छ. नेट बँकिंगने आपणच इथून बिलं भरली तर त्याहून सोपं. चेक द्यायचाच असेल तर नाव आणि रक्कम लिहून, दोन तिरप्या रेघा मारून ‘अकाउंट पेयी’ करून द्या. इथल्या कायद्यात १९९२ पासून असा चेक दुसऱ्याच्या नावे करताच येत नाही, म्हणून तिसऱ्या सद्भावी धारकाचा प्रश्नच निघत नाही. पण नावाची जागा कोरी सोडली तर त्या दोन रेघांचा काही उपयोग नाही.

कोजागिरीचे ते गृहस्थ तेव्हा जरा नाराजच होऊन गेले होते. भावावर संशय घेतल्यासारखं होईल, असं म्हणत होते. मी त्यांना सुचवलं, भावाला सांगा, बँकेने नवीन चेकबुक दिलंय, जुने चेक फाडून त्यांचा फोटो पाठव. परवा त्यांचा फोन आला. भावाने काही कुरकूर न करता फोटो पाठवला. चार चेकांचे तुकडे, नंबर दिसतील असे मांडलेले. पाचवा सापडत नाही. घरपट्टीला वापरला असेल असं भाऊ म्हणतो, पण पासबुकात तो नंबर नाही. बँकेला द्यायचं पत्र आम्ही दोघांनी मिळून त्याच रात्री लिहिलं, आणि खात्यात किती शिल्लक आहे ते पाहिलं.